एका भाषणाची एक्केचाळीस वर्षं

२५ ऑगस्ट १९६५. अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात ७७ वर्षांचे एक गृहस्थ सहकाऱ्यांची समजूत घालत होते. विधेयक परदेशातून येऊन अमेरिकेत कायमचं राहू पाहणाऱ्यांविषयीचं होतं. विरोधकांना धास्ती एकच होती: हे मंजूर झालं तर आशिया आणि आफ्रिकेतून लोंढे येतील. गृहस्थांचं उत्तर साधं, हिशेबी होतं. विधेयकात पहिला मान अमेरिकेत आधीच राहणाऱ्यांच्या नातेवाइकांना आहे. आशिया-आफ्रिकेतल्या लोकांचे इथे नातेवाईकच फारसे नाहीत. मग येणार कोण? आले तर थोडेच येतील. त्याच दिवशी ३१८ विरुद्ध ९५ मतांनी विधेयक मंजूर झालं.

हा हिशेब किती चुकला, हे वेगळं सांगायला नको. १९६० साली अमेरिकेत भारतात जन्मलेली माणसं जेमतेम १२ हजार होती. १९८० साली ती दोन लाखांवर गेली. आज तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांची संख्या ५० लाखांच्या घरात आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत जिथे जिथे गणपती बसतो, मराठी शाळा भरते आणि नाटकाच्या दौऱ्याची तिकिटं विकली जातात, ती सारी वस्ती त्या दिवशीच्या मतदानाची देणगी आहे.

त्या गृहस्थांचं नाव एमॅन्युएल सेलर. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले वकील, जवळजवळ ५० वर्षं काँग्रेसचे सदस्य. अमेरिकेत हा कायदा आजही ‘हार्ट-सेलर’ याच नावाने ओळखला जातो, पण त्याच्या जोरावर तिथे स्थिरावलेल्या मराठी घरांत हे नाव क्वचितच कुणाला ठाऊक असतं. सेलर यांनीही भारतीयांचा विचार करून हा कायदा केला नव्हता. ते भांडत होते ते आपल्या गल्लीतल्या इटालियन, पोलिश आणि ज्यू शेजाऱ्यांसाठी. भांडताना जे तत्त्व त्यांनी धरलं, ते मात्र त्यांच्या मनातल्या माणसांपेक्षा मोठं निघालं. त्यांच्या आयुष्यात एक जागा अशीही आहे, जिथे त्यांनी नेमकं तेच तत्त्व धाब्यावर बसवलं.

तळघरातली व्हिस्की

सेलर यांचा जन्म ६ मे १८८८ रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. आजी-आजोबा जर्मनीतून आलेले, घर ज्यू. वडील हेन्री यांचा व्हिस्कीचा धंदा होता आणि राहत्या घराच्या तळघरातच व्हिस्कीची भली मोठी टाकी होती. धंदा बुडाला. वडील दारोदार वाइन विकू लागले. मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना वडील गेले आणि काही महिन्यांत आईही गेली. घराचा भार अंगावर आला तेव्हा त्याने वडिलांची गिऱ्हाइकं सांभाळली. सकाळी कॉलेज, दुपारपासून संध्याकाळी सातपर्यंत वाइनची विक्री. या धावपळीत तो १९१० साली पदवीधर झाला आणि १९१२ साली कायद्याची परीक्षा उतरून वकिली करू लागला.

राजकारणात ते आले १९२२ साली. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती. दारूच्या धंद्यावर वाढलेल्या या वकिलाने दारूबंदी कशी घातक आहे आणि राष्ट्रसंघ कसा हितकारक आहे, या दोन मुद्द्यांवर प्रचार केला. तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाने पूर्वी कधी जिंकला नव्हता. सेलर यांनी तो जिंकला. ४ मार्च १९२३ रोजी त्यांची मुदत सुरू झाली.

दोनच आठवडे आधी, १९ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला होता. भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात काम केलेले शीख गृहस्थ. नागरिकत्व तेव्हा ‘मुक्त गोऱ्यां’ना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. वंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना आर्य, म्हणजे कॉकेशियन मानतात, असा थिंद यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने सांगितलं की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. थिंद यांचं नागरिकत्व गेलं. ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, अशा इतर भारतीयांवरही सरकारने खटले भरले.

त्यांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. मुंबई इलाख्यात जन्मलेले, १९१४ साली नागरिक झालेले आणि कॅलिफोर्नियात वकिली करणारे पंडित स्वतः थिंद यांच्या बाजूच्या वकिलांत होते. त्यांच्यावर पाळी आली तेव्हा ते आपल्या गोरेपणाच्या वादात पडलेच नाहीत. त्यांनी वकिली मुद्दा काढला: एकदा न्यायालयाने विचारपूर्वक नागरिकत्व दिलं, त्या भरवशावर मी सनद घेतली, लग्न केलं, घर केलं, आता तोच प्रश्न पुन्हा उकरून काढता येणार नाही. १९२६ साली अपील न्यायालयाने तो मान्य केला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. पंडित वाचले. पण भारतातून नव्याने येणाऱ्यांचा मार्ग १९१७ सालच्या कायद्यानेच बंद झालेला होता.

२ टक्क्यांचं गणित

काँग्रेसमध्ये नवख्या सदस्याने पहिलं वर्ष गप्प बसून काढायचं, असा रिवाज होता. सेलर यांच्यासमोर पहिलंच मोठं विधेयक आलं ते १९२४ सालचं जॉन्सन-रीड विधेयक. गप्प बसणं त्यांना जमलं नाही.

विधेयकातली मेख कळायला थोडं गणित लागतं. प्रत्येक देशातून वर्षाला किती माणसं घ्यायची, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत त्या देशाचे आधीपासून किती लोक आहेत ते पाहायचं आणि त्याच्या २ टक्के कोटा द्यायचा. ऐकायला रास्त वाटतं. पण गणतीसाठी कुठली जनगणना धरायची? १९२० सालची हाताशी होती. कायदा करणाऱ्यांनी ३४ वर्षं मागे जाऊन १८९० सालची धरली. इटली, पोलंड आणि रशियातून माणसं मोठ्या संख्येने आली ती १८९० नंतर. त्यांना मोजायचंच नसेल तर ते आले त्याच्या आधीचं साल धरणं सोयीचं होतं. नव्या कायद्याने जर्मनीला ५१,२२७ जागा मिळाल्या आणि इटलीला ३,८४५.

आशियाचा प्रश्न त्याहून थोडक्यात निकालात काढला होता. ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना प्रवेशच नाही. यातून एक विचित्र प्रकार घडला. किमान कोटा १०० ठरला असल्यामुळे कागदोपत्री भारतालाही १०० जागा होत्या, पण त्या भारतीयांना वापरता येत नव्हत्या. भारतात जन्मलेला इंग्रज त्या कोट्यातून येऊ शके, पुण्यात जन्मलेला देशपांडे नाही.

सेलर उभे राहिले आणि म्हणाले की हे गणित नाही, ही जातीची उतरंड आहे. उत्तर युरोपातली माणसं वरच्या प्रतीची आणि दक्षिण व पूर्व युरोपातली हलक्या प्रतीची, असं हा कायदा सांगतो. ज्यांना हलकं ठरवलं जात होतं ते त्यांचे मतदार होते, शेजारी होते, ज्यू म्हणून ते स्वतःही त्यातलेच होते. १२ एप्रिल १९२४ रोजी मतदान झालं: बाजूने ३२३, विरोधात ७१. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी सही केली आणि वंशावर आधारलेला कोटा पुढची चार दशकं देशाचा कायदा होऊन बसला.

या पराभवानंतर सेलर यांनी काय केलं? निवडून येत राहिले. ऐकायला हे अगदी साधं वाटतं, पण अमेरिकी काँग्रेसची घडण पाहता यातच त्यांची सारी ताकद होती. तिथे समितीचं अध्यक्षपद ज्येष्ठतेने मिळे. बुद्धी, वक्तृत्व, जनाधार हे सगळं नंतर. जो टिकला तो खुर्चीपर्यंत पोचला. दर दोन वर्षांनी निवडणूक, आणि ब्रुकलिनकर दर वेळी ‘मॅनी’ला परत पाठवत.

मधली वर्षं जिवाला लागणारी होती. १९३३ नंतर जर्मनीतून, मग साऱ्या युरोपातून ज्यू निसटू पाहत होते आणि १९२४ चा कोटा त्यांच्या आडवा येत होता. सेलर परराष्ट्र खात्याच्या व्हिसा विभागाशी भांडले. महिनोन्‌महिने लावून हे व्हिसा देतात आणि तोवर अर्जदाराचं प्रेत झालेलं असतं, असं त्यांनी जाहीरपणे सुनावलं. युद्धकाळात एक वृद्ध रबाय त्यांच्या कार्यालयात येऊन काठीवर भार टाकून रडले, ही आठवण त्यांनी १९५३ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. सेलर डेमोक्रॅट, रूझवेल्ट त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष, तरी त्यांना फारसं काही करता आलं नाही. कायदा बदलल्याशिवाय माणसं वाचत नाहीत, ही खूणगाठ त्यांनी या वर्षांत बांधली असावी.

शंभर माणसांचा कायदा

भारताशी सेलर यांचा पहिला थेट संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धात. चीन मित्रराष्ट्र म्हणून १९४३ साली चिनी लोकांवरची बंदी उठली आणि त्यांना वर्षाला १०५ जागा मिळाल्या. मग भारताने काय घोडं मारलं होतं? भारतीय सैनिक दोस्तांच्या बाजूने लढत होते आणि अमेरिका तुम्हाला माणसात मोजत नाही, असा प्रचार जपान आशियाभर करत होता. न्यूयॉर्कमधले व्यापारी जे. जे. सिंग यांनी ‘इंडिया लीग ऑफ अमेरिका’च्या वतीने वॉशिंग्टनच्या वाऱ्या सुरू केल्या. त्यांना दोन माणसं भेटली: कनेक्टिकटच्या रिपब्लिकन सदस्य क्लेअर बूथ ल्यूस आणि ब्रुकलिनचे सेलर. पक्ष वेगळे, स्वभाव वेगळे. दोघांनी वेगवेगळी विधेयकं मांडली आणि शेवटी दोघांच्या नावाने कायदा झाला. २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली.

मिळालं काय? वर्षाला १०० भारतीयांना प्रवेश. आकडा हसण्यासारखाच होता. महत्त्वाचा होता तो दुसरा भाग: भारतीयांना आता नागरिक होता येणार होतं. कॅलिफोर्नियात शेती करणारे दलीपसिंग सौंद १९४९ साली नागरिक झाले आणि १९५६ साली काँग्रेसवर निवडून आले. आशियाई वंशाचे ते पहिले सदस्य. थिंद निकालाला तेव्हा पुरती ३४ वर्षंही झाली नव्हती.

पण वंशाचा पाया तसाच होता. १९५२ साली मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने कोटा पद्धत पुन्हा पक्की केली. आशियाई माणूस जगात कुठेही जन्मलेला असो, तो ब्राझीलचा असो की ब्रिटनचा, त्याची नोंद पूर्वजांच्या आशियाई कोट्यात करायची अशी त्यात तरतूद होती. ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तो झुगारला. सेलर विरोधात बोलले आणि पुन्हा हरले.

खुर्ची

१९४९ साली सेलर प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले. रिपब्लिकनांच्या बहुमताची दोन वर्षं सोडली तर १९७३ पर्यंत ही खुर्ची त्यांच्याकडे होती. राज्यघटनेतल्या दुरुस्त्या, नागरी हक्क, न्यायालयं, मक्तेदारी, परदेशी लोकांचा प्रवेश हे सारे विषय याच समितीपुढे येत. १९५० सालच्या सेलर-केफॉव्हर कायद्याने मोठ्या कंपन्यांनी लहान कंपन्या गिळण्याला आळा घातला. घटनेच्या २३ ते २६ या चार दुरुस्त्या त्यांच्या समितीतून गेल्या.

त्यांच्या वकिलीविषयी मात्र लोक कुजबुजत, आणि ते अकारण नव्हतं. काँग्रेसमध्ये असताना सेलर यांनी वकिली सोडली नव्हती. केंद्र सरकारशी संबंधित खटले घेणं त्यांना कायद्याने मना होतं. मग न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या फर्मने युक्ती काढली. फर्मला दोन दारं. एकावर भागीदारांच्या नावांत सेलर यांचं नाव, दुसऱ्यावर बाकी सगळी तीच नावं, फक्त सेलर गाळलेले. सरकारी काम असलेल्या अशिलाने दुसऱ्या दाराने आत जायचं. आत गेल्यावर माणसं तीच. कायद्याच्या चौकटीत हे बसत होतं. शोभत होतं का, हा प्रश्न वर्तमानपत्रं अधूनमधून विचारत. सेलर यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही.

त्यांच्या कारकिर्दीचं शिखर म्हणजे १९६४ चा नागरी हक्क कायदा. जून १९६३ मध्ये त्यांनी विधेयक मांडलं. दक्षिणेतले डेमोक्रॅट म्हणजे त्यांच्याच पक्षाचे लोक विरोधात होते, त्यामुळे रिपब्लिकनांशिवाय गाडं पुढे सरकणार नव्हतं. समितीतले ज्येष्ठ रिपब्लिकन, ओहायोचे विल्यम मॅकलक यांना त्यांनी बरोबर घेतलं. मॅकलक यांच्या ग्रामीण मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदार नावापुरते होते, म्हणजे या कामातून त्यांना एक मतही वाढवून मिळणार नव्हतं. त्यांची अट एकच: प्रतिनिधीगृहात जे मंजूर होईल ते सिनेटमध्ये सौदेबाजीत पातळ करायचं नाही. १० फेब्रुवारी १९६४ रोजी २९० विरुद्ध १३० मतांनी विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि २ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली.

या चर्चेत एक प्रसंग घडला. व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ विधेयकाचे कट्टर विरोधक. नोकरीत भेदभाव करू नये या कलमात वंश, वर्ण, धर्म यांच्या जोडीला ‘लिंग’ हाही शब्द घालावा, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. सभागृहात हशा पिकला. सेलर उठले आणि आपल्या घरातली गंमत सांगू लागले: इतक्या वर्षांच्या संसारात घरात अखेरचे दोन शब्द नेहमी माझेच असतात, आणि ते म्हणजे ‘येस, डिअर’. मग त्यांनी दुरुस्तीला विरोध केला. सभागृहातल्या स्त्री सदस्यांना विनोद आवडला नाही. मार्था ग्रिफिथ्स उठल्या आणि म्हणाल्या की स्त्रिया दुय्यम आहेत याला पुरावा हवा असेल तर हा हशाच पुरेसा आहे. दुरुस्ती मंजूर झाली. सेलर यांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्याच कायद्यात स्त्रियांना जागा मिळाली.

भावाने भावाला बोलावलं

आता कोट्याची पाळी होती. १९६३ साली फ्रान्सिस वॉल्टर वारले. हे १९५२ च्या कायद्याचे जनक, आणि सेलर अध्यक्ष असलेल्या समितीतच प्रवेशविषयक उपसमिती त्यांच्या ताब्यात होती. त्यांच्या जागी ओहायोचे मायकेल फायगन आले. ते सेलर यांच्याच पक्षाचे, तरी दोघांचं जमत नव्हतं. केनेडी यांच्या सरकारने जुलै १९६३ मध्ये सुधारणेचा मसुदा पाठवला होता, तो फायगन यांच्याकडे भिजत पडला. १९६४ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट प्रचंड बहुमताने आले आणि वारं फिरलं. जॉन्सन यांनी फायगन यांना जवळ केलं. फायगन राजी झाले, पण बदल्यात त्यांनी मसुदा उलटा फिरवला.

मूळ मसुद्यात पहिला मान कौशल्याला होता. फायगन यांनी तो कुटुंबाला दिला. नव्या रचनेत ७४ टक्के जागा नातेवाइकांसाठी ठेवल्या गेल्या. नागरिकांच्या भावाबहिणींनाच त्यातल्या २४ टक्के. डॉक्टर, शास्त्रज्ञ, अभियंते यांना १० टक्के, देशात तुटवडा असलेल्या कामगारांना १० टक्के आणि निर्वासितांना ६. फायगन यांचा होरा सरळ होता: देशात गोरे जास्त, म्हणून नातेवाईकही गोरेच येतील आणि देशाचा चेहरामोहरा बदलणार नाही. सेलर यांनी २५ ऑगस्टला सभागृहात दिलेलं आश्वासन याच होऱ्यावर उभं होतं.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी, लिबर्टी बेटावर, जॉन्सन यांनी सही केली. हे क्रांतिकारक विधेयक नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही, असं त्यांनीही भाषणात सांगितलं. १९२४ च्या भाषणाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. त्या वेळी विरोधात मत देणाऱ्या ७१ जणांपैकी सेलर अजून सभागृहात होते.

होरा चुकला तो दोन कारणांनी. युरोप तोवर सावरला होता. जर्मन, इटालियन माणसाला घरीच बरी नोकरी मिळत होती, त्याला देश सोडायची घाई नव्हती. दुसरं कारण त्याच वर्षीचं. जुलै १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना झाल्या, वृद्धांना आणि गरिबांना सरकारी खर्चाने उपचार मिळू लागले आणि अमेरिकी इस्पितळांना डॉक्टर कमी पडू लागले. इकडे जी. एस., ग्रँट, बी. जे. आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजांतून इंग्रजीत शिकलेले डॉक्टर दरवर्षी बाहेर पडत होते. व्हीजेटीआय आणि पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजातून इंजिनीअर. कायदा १ जुलै १९६८ पासून पूर्णपणे लागू झाला आणि ही माणसं १० टक्क्यांच्या चिंचोळ्या वाटेने आत शिरली.

आत शिरल्यावर त्यांना फायगन यांचं कलम सापडलं. पाच वर्षांनी नागरिकत्व मिळालं की भावासाठी अर्ज, बहिणीसाठी अर्ज. बहीण आली की तिचा नवरा, मग नवऱ्याचा भाऊ. गोऱ्यांची संख्या टिकावी म्हणून रचलेली तरतूद आपल्या एकत्र कुटुंबांना अंगच्या कपड्यासारखी बसली. शिकागोत १९६९ साली महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. १९८१ साली उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं. त्याच वर्षीच्या जानेवारीत, ९२ व्या वर्षी, सेलर ब्रुकलिनमध्ये वारले.

ड्रॉवरमधलं विधेयक

वारले तेव्हा त्यांना काँग्रेस सोडून आठ वर्षं झाली होती, आणि ती त्यांनी आपण होऊन सोडलेली नव्हती.

स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती १९२३ पासून, म्हणजे सेलर पहिल्यांदा आले त्या वर्षापासून, जवळजवळ प्रत्येक काँग्रेसमध्ये मांडली जात होती. ती न्यायविषयक समितीकडे येई आणि तिथेच राही. अध्यक्षांनी सुनावणी लावली नाही की विधेयक मेलं, इतकी त्या खुर्चीची सत्ता होती. या दुरुस्तीमुळे कामगार स्त्रियांना संरक्षण देणारे कायदे रद्द होतील, असा सेलर यांचा आक्षेप होता. कामगार संघटनाही बराच काळ तेच म्हणत. पण दोन दशकं सुनावणीच न लावण्याला एवढा आक्षेप पुरत नाही. माणसाला जन्मावरून तोलू नका, असं १९२४ साली ज्यांनी सभागृहाला ठणकावलं, त्यांनी हा प्रश्न ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावलं.

१९७० साली मार्था ग्रिफिथ्स यांनी कुलूप तोडलं. २१८ सदस्यांच्या सह्या मिळवल्या तर विधेयक समितीकडून काढून थेट सभागृहात आणता येतं. हा मार्ग क्वचित यशस्वी होतो. ग्रिफिथ्स यांनी सह्या गोळा केल्या. १९७१ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३५४ विरुद्ध २४ मतांनी आणि मार्च १९७२ मध्ये सिनेटने दुरुस्ती मंजूर केली. सेलर शेवटपर्यंत विरोधात होते.

त्याच वर्षी ब्रुकलिनमध्ये एलिझाबेथ होल्ट्झमन नावाच्या ३० वर्षांच्या वकील पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. हार्वर्डमध्ये कायदा शिकलेल्या होल्ट्झमन यांची आई युक्रेनमधून आलेली. म्हणजे ज्यांच्यासाठी सेलर जन्मभर भांडले, त्यांचीच ही लेक. काडीने वॉशिंग्टनचा स्मारकस्तंभ पाडायला निघाल्यासारखं आहे हे, असं म्हणून सेलर यांनी तिला उडवून लावलं. होल्ट्झमन भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर आणि सिनेमाच्या तिकिटांच्या रांगांत लोकांना भेटत राहिल्या. खासदारांचं मतदारसंघात साधं कार्यालयही नाही, व्हिएतनाम युद्धाला त्यांचा पाठिंबा आहे आणि बायकांच्या हक्कांना विरोध, हे त्या सांगत राहिल्या. जूनमध्ये निकाल लागला. सुमारे ६०० मतांनी स्तंभ पडला.

दोन वर्षांनी न्यायविषयक समितीपुढे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची सुनावणी झाली आणि साऱ्या देशाने ती टीव्हीवर पाहिली. अध्यक्षाच्या खुर्चीत न्यू जर्सीचे पीटर रोडिनो होते आणि सदस्यांत एलिझाबेथ होल्ट्झमन. सेलर आणखी एकदा निवडून आले असते तर ती खुर्ची त्यांची होती. पुढे याच होल्ट्झमन यांनी सिनेटर टेड केनेडींबरोबर १९८० चा निर्वासित कायदा घडवला. सेलर यांचं काम सेलर यांना पाडणाऱ्या बाईने पुढे नेलं.

समान रांग

आज अमेरिकेत नोकरीवर गेलेल्या मराठी इंजिनीअरला ग्रीन कार्डविषयी विचारा, तो कपाळाला हात लावतो. नोकरीच्या आधारावर मिळणारी कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांहून जास्त सहसा नाहीत. भारतीयांची रांग कुटुंबीय धरून दहा लाखांच्या आसपास आहे. काही जणांचा नंबर हयातीत लागेल की नाही, याची शंका आहे. आइसलँडच्या माणसाची रांग त्या मानाने अगदी छोटी.

ही मर्यादा आली कुठून? तीही सेलर यांच्याच कायद्यातून. १९६५ मध्ये पूर्व गोलार्धातल्या दर देशाला वर्षाला २० हजार अशी ती होती. आकडे बदलले, पद्धत तीच राहिली. सगळे देश सारखे, कुणीही वरचढ नाही, हेच तर सेलर १९२४ पासून मागत होते. मोठ्या देशाला आणि छोट्या देशाला एकच माप लावलं की मोठ्या देशाच्या माणसावर अन्याय होतो, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मोठ्या देशातून कुणी येणारच नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. ज्या चुकीच्या अंदाजाने आपल्याला आत घेतलं, त्याच अंदाजाने आपली मुलं रांगेत उभी आहेत.

या रांगेत उभ्या असलेल्या आणि ती ओलांडून गेलेल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: आम्ही गुणवत्तेवर आलो. गुणवत्ता होतीच. पण गुणवत्ता १९३० सालच्या मुंबईच्या डॉक्टरकडेही होती. त्याला अमेरिकेत राहता येत नव्हतं. मधल्या काळात बदलला तो कायदा, आणि तो बदलला कारण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी लाठ्या खाल्ल्या, कुत्रे अंगावर घेतले आणि जन्मावरून माणूस तोलणं अमेरिकेला लाजिरवाणं करून सोडलं. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा प्रवेशाचा कायदा एकाच समितीतून, एकाच अध्यक्षाच्या हाताखालून, एकाच लाटेवर बाहेर पडले. पहिला झाला नसता तर दुसरा झाला नसता.

आज प्रतिनिधीगृहात भारतीय वंशाचे सहा सदस्य आहेत. त्यांतले श्री ठाणेदार बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे आणि मराठीत आत्मचरित्र लिहिलेले. ते मिशिगनचे. याच मिशिगनचे सिनेटर फिलिप हार्ट यांचं नाव सेलर यांच्या आधी त्या कायद्याला लागलं आहे. भारतीयांची रांग कमी करा, ही मागणी हे सदस्य करतात आणि ती रास्त आहे. पण सेलर यांचं आयुष्य नीट पाहिलं तर त्या मागणीची ताकद कशात आहे तेही कळतं. ‘माझ्या इटालियन मतदारांना जास्त जागा द्या’ एवढंच ते म्हणत राहिले असते, तर १९६५ साली फार तर इटलीचा कोटा वाढला असता आणि आपला १००च राहिला असता. त्यांनी मागितलं ते सगळ्यांसाठी, आणि जिथे सगळ्यांसाठी मागितलं नाही, त्या एका जागी ब्रुकलिनने त्यांना घरी बसवलं.